जमिनीचाही पूर्वेतिहास विचारा

रोगी दवाखान्यात आला की आम्ही डॉक्टर मंडळी लगेच छातीला नळी लावत नाही. आधी विचारतो. पूर्वी कोणता आजार झाला होता, काम कुठे करता, पाणी कुठले पिता, घरात आणखी कोणाला त्रास आहे का. याला आम्ही 'हिस्टरी' म्हणतो आणि पुष्कळदा निम्मे निदान तिथेच होऊन जाते. आज या सदरात रोग्याच्या नव्हे, तर जमिनीच्या हिस्टरीबद्दल लिहीत आहे.

आरोग्याच्या सदरात जमीन कुठून आली, असे काही वाचकांना वाटेल. कारण असे, की गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या तीन-चार कुटुंबांनी ताप-खोकल्याचे बोलून झाल्यावर उठता उठता एकच प्रश्न विचारला : "डॉक्टरसाहेब, बंद कारखान्याच्या जागेत प्लॉट पडलेत, स्वस्तात मिळतायत. घ्यावा का?" भाव वाजवी आहे की नाही हे मी सांगू शकत नाही. पण त्या प्लॉटवर लहान मूल रांगणार असेल, तर दोन शब्द सांगणे माझे काम आहे.

कारखाना, गोदाम, पेट्रोलपंप किंवा भंगाराचा धंदा चालून बंद पडलेल्या आणि आता पुन्हा वापरात आणायच्या जमिनीला इंग्रजीत 'ब्राऊनफील्ड' म्हणतात. आपण तिला 'वापरून झालेली जमीन' म्हणू. अशी प्रत्येक जागा विषारी असते असे मुळीच नाही. पिठाची गिरणी किंवा कापसाचे गोदाम होते तिथे घाबरण्यासारखे सहसा काही नसते. पण जिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवले जाई, निकेल-क्रोमचा मुलामा देण्याचे काम चाले, कातडी कमावली जात, रंग किंवा कीटकनाशके तयार होत, अथवा जमिनीखाली डिझेलच्या टाक्या होत्या, तिथे चौकशी केल्याशिवाय पाऊल टाकू नये.

गवत उगवले म्हणजे जमीन बरी झाली?

कारखाना बंद झाला म्हणजे त्याचे विष संपले, अशी आपली समजूत असते. धूर थांबतो, सांडपाणी थांबते, यंत्रे आणि पत्रे भंगारात जातात. दोन पावसाळे गेले की जागेवर हिरवेगार गवत येते. वस्तुत: कित्येक दूषित जमिनींवर गवत उत्तम वाढते. गवताला त्याची फिकीर नसते.

इथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. डिझेल, रॉकेल यांसारखे तेलकट पदार्थ हे मुळात कार्बनचे असतात. मातीतील जिवाणू ते हळूहळू खातात. माती वरखाली केली, ओल आणि हवा मिळाली, तर काही महिन्यांत किंवा वर्षांत त्यांचे प्रमाण बरेच उतरते. शिसे, पारा, क्रोमियम यांचे तसे नाही. ही मूलद्रव्ये आहेत. ती कुजत नाहीत, जळत नाहीत, जिवाणूंना पचत नाहीत. आज टाकलेले शिसे आपल्या पणतवंडांच्या काळातही शिसेच राहणार. ते एका जागेहून दुसरीकडे हलवता येते, बांधून ठेवता येते किंवा झाकता येते. नाहीसे मात्र करता येत नाही. दूषित जमिनीच्या सफाईतील सगळी डोकेदुखी या एका गोष्टीतून निघते.

एका डॉलरची जमीन

जमिनीची हिस्टरी कागदावर असूनही माणसे कशी फसतात, याचे जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील नायगारा फॉल्स या शहरातले आहे. तिथे विल्यम लव्ह नावाच्या गृहस्थाने १८९० च्या दशकात कालवा खणायला घेतला. पैसा संपला, काम थांबले आणि मैलभर लांबीचा खंदक तेवढा मागे राहिला. त्याला 'लव्ह कॅनॉल' हे नाव पडले. १९४२ ते १९५३ या काळात हुकर केमिकल या कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि वर चिकणमातीचा थर दिला. त्यानंतर १९५३ साली ती जमीन शहराच्या शाळामंडळाला अवघ्या एका डॉलरला देऊन टाकली. खाली रसायने आहेत आणि पुढे काही झाल्यास कंपनीवर जबाबदारी नाही, असे खरेदीखतात लिहिलेले होते!

शाळामंडळाने तिथे शाळा बांधली, आजूबाजूला घरे झाली. बांधकामासाठी आणि रस्ते-गटारांसाठी खोदताना चिकणमातीचे ते झाकण आणि खंदकाच्या कडा जागोजाग फुटल्या. नंतर घर घेणाऱ्यांना खाली काय आहे याची कल्पनाही नव्हती. १९७० च्या दशकात पाऊस आणि बर्फ जास्त झाल्यावर जमिनीखालचे पाणी वर आले आणि त्याच्याबरोबर रसायनेही आली. तळघरांत काळा, उग्र वासाचा द्रव पाझरू लागला. अंगणात गंजलेली पिंपे डोके वर काढू लागली. स्थानिक दैनिकाच्या बातमीदारांनी विषय लावून धरला. लोईस गिब्ज या गृहिणीचा मुलगा त्याच शाळेत जात होता. तिने दारोदार फिरून कोणाच्या घरी काय आजार आहे याची नोंद केली. ऑगस्ट १९७८ मध्ये राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी शाळा बंद केली आणि गरोदर स्त्रिया व दोन वर्षांखालील मुले यांना तिथून हलवण्यास सांगितले. त्याच आठवड्यात अध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली. पुढे नऊशेच्या आसपास कुटुंबांना घरे सोडावी लागली.

नंतरच्या अभ्यासांत तिथे कमी वजनाची बाळे व जन्मजात व्यंगे यांचे प्रमाण अधिक दिसून आले. कर्करोगाबाबत मात्र ठाम निष्कर्ष निघू शकला नाही. अशा प्रकरणांत पुरावा असाच अर्धामुर्धा मिळतो, कारण माणसे घरे बदलतात, आजार वीस-वीस वर्षांनी दिसतात आणि एकाच माणसाच्या अंगात दहा रसायने गेलेली असतात. म्हणून 'सिद्ध झाले नाही' याचा अर्थ 'धोका नव्हता' असा घेऊ नये, आणि 'प्रत्येक आजार त्याचाच' असाही घेऊ नये.

या प्रकरणातून अमेरिकेत १९८० साली 'सुपरफंड' हा कायदा झाला. ज्याने घाण केली त्याने सफाईचा खर्च द्यावा, हे त्याचे मुख्य सूत्र. लव्ह कॅनॉलचे नाव २००४ साली धोक्याच्या यादीतून काढण्यात आले. मग तिथली रसायने गेली कुठे? कुठेही नाहीत. ती अजून तिथेच आहेत. वर चिकणमाती आणि प्लॅस्टिकचे आवरण, कडेने पाझर गोळा करणारे चर, त्या पाण्यावर प्रक्रिया करणारे यंत्र आणि भोवती कुंपण, अशी ती सफाई आहे. मधुमेहाच्या रोग्यासारखी ती जमीन आयुष्यभर देखरेखीखाली राहायची.

मातीतून पोटात

मातीतले विष माणसाच्या अंगात शिरते ते तीन-चार वाटांनी. हाताला लागून तोंडात, धूळ होऊन नाकात, झिरपून विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात. काही रसायनांची वाफ होते आणि ती फरशीच्या फटीतून घरात येते. यातली पहिली वाट मुलांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची. एक ते तीन वर्षांचे मूल दिवसभर जमिनीवर असते आणि दर दोन मिनिटांनी बोट तोंडात घालते. माती खाण्याची सवय असलेली मुले तर आपल्याकडे घरोघर असतात. त्यात मुलाचे शरीर गिळलेले शिसे मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते. अंगात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढते. आणि लोहाची कमतरता आपल्या मुलांत किती आहे, हे मी वेगळे सांगायला नको.

शिशाच्या विषबाधेची पंचाईत अशी, की बहुतेक मुलांत लक्षण असे काही दिसतच नाही. मूल चिडचिडे होते, पोट दुखते म्हणते, शौचाला साफ होत नाही, रंग फिकट पडतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. यातले प्रत्येक लक्षण शंभर दुसऱ्या कारणांनी होते. शिसे फार वाढले तर झटके येतात, मूल बेशुद्ध होते. ही अवस्था येईपर्यंत मेंदूचे नुकसान झालेले असते आणि ते पुष्कळदा भरून येत नाही. रक्तातील शिशाची 'एवढी चालते' अशी सुरक्षित पातळी सापडलेली नाही. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळल्यास शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे सगळे एका गावात एकदम घडले, ते पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलमध्ये. राजधानी डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर या वस्तीत वर्षानुवर्षे जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम चाले. ते शिसे तिथल्या वाळूत मुरले. पुढे शिशाला भाव आला, तशा बायका ती माती चाळून शिशाचे कण विकू लागल्या. पोती घरात ठेवली जात, मुले त्याच मातीत खेळत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्या अवधीत तिथे १८ मुले दगावली. आधी कारण कोणाच्या ध्यानात आले नाही. एखादा साथीचा ताप असावा तशी ती मुले गेली.

अंगातले शिसे काढण्याची औषधे आहेत. पण ती फार वाढलेल्या पातळीवर, रुग्णालयात ठेवूनच द्यायची असतात. आणि औषध देऊन मूल पुन्हा त्याच अंगणात सोडले, तर पातळी पुन्हा चढते. म्हणून आधी अंगणावर उपचार, मग मुलावर. इतर आजारांत डॉक्टरला असा क्रम क्वचितच सांगावा लागतो.

थर्मामीटरचा कारखाना

आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर तमिळनाडूतील कोडाईकनाल पाहा. माझ्या वयाच्या डॉक्टरांचे अर्धे आयुष्य काचेच्या थर्मामीटरने ताप मोजण्यात गेले. त्याच्या आतला चकचकीत पारा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. असे थर्मामीटर बनवणारा कारखाना १९८० च्या दशकात अमेरिकेतील वॉटरटाऊन येथून हलवून कोडाईकनालच्या डोंगरावर आणण्यात आला. पुढे तो हिंदुस्तान लिव्हर कंपनीकडे गेला. मार्च २००१ मध्ये गावातील एका भंगारवाल्याकडे पारा असलेला काचेचा कचरा उघड्यावर सापडला. नागरिकांनी मोर्चा काढला आणि कारखाना बंद झाला.

पाऱ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलाने थर्मामीटर चावून फोडला आणि पारा गिळला, म्हणून आईवडील धावत येतात. तो गिळलेला पारा बहुधा जसाच्या तसा शौचावाटे निघून जातो; काच तोंडात राहिली नाही ना, हे बघणे अधिक महत्त्वाचे. खरा धोका सांडलेल्या पाऱ्याचा. तो साध्या हवेतही वाफ होऊन उडतो, त्या वाफेला वास नसतो, आणि श्वासातून आत गेलेल्या वाफेचा बहुतांश भाग फुप्फुसातून रक्तात उतरतो. मग हाताला कंप सुटतो, हिरड्या सुजतात, स्वभाव चिडका होतो, झोप जाते, मूत्रपिंडे बिघडतात. (जुना थर्मामीटर घरात फुटला तर केरसुणी फिरवू नये. खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर काढावे, कागदाच्या घडीने गोळ्या एकत्र करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भराव्यात.)

कोडाईकनालच्या कामगारांनी अशाच आजारांची तक्रार केली. कामामुळे प्रकृतीला अपाय झाला नाही, असे कंपनीचे म्हणणे राहिले. अखेर २०१६ साली ५९१ माजी कामगारांबरोबर समझोता होऊन रक्कम देण्यात आली. मातीचे काय झाले? २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठवण्यात आला. हे आपल्या देशात अपूर्वच म्हटले पाहिजे; एरवी कचरा तिकडून इकडे येतो. पण आवारातल्या मातीत मुरलेला पारा राहिलाच. तो किती उतरवला म्हणजे पुरे, यावर वाद सुरू झाला. मातीच्या किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा पुढे आली. तिथल्या नागरिकांचे म्हणणे, परदेशात अशा नाजूक जागी याहून कडक मर्यादा लावतात, मग इथे ढिलाई का? शिवाय कारखाना डोंगराच्या कडेला, खाली शोलाचे जुने जंगल. माती उकरली, झाडे तोडली, तर पावसात पारा त्या जंगलात आणि पुढे पाण्यात उतरण्याची भीती. तिथे पाऱ्याचे रूप बदलते आणि तो माशांच्या अंगात साठतो. कारखाना २००१ मध्ये बंद झाला. मातीच्या सफाईच्या चाचणीला २०१७ साल उजाडले. शस्त्रक्रियेपेक्षा तिच्या तयारीलाच सोळा वर्षे लागली!

मला विचाराल तर, मर्यादा ठरवताना 'शक्य किती' हा प्रश्न नंतरचा. आधी 'तिथे पुढे कोण राहणार' हे विचारावे. गोदामाला चालणारी माती बालवाडीला चालत नाही.

जमिनीवरचे उपचार

दूषित माती खणून नेणे हा सर्वांना सुचणारा उपाय. छोट्या जागेसाठी तो चांगला. पण नेलेली माती कुठेतरी जातेच. ती घातक कचऱ्यासाठी बांधलेल्या, खाली अस्तर असलेल्या खड्ड्यात गेली पाहिजे. शेजारच्या ओढ्यात गेली तर रोग फक्त गल्ली बदलतो. भोपाळच्या युनियन कार्बाईडच्या आवारातील ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेण्यात आला, तेव्हा पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, ते या भीतीपोटीच. तो त्या वर्षी जाळण्यात आला. पण जाळूनही राख राहते, आणि तीही पुन्हा पुरावीच लागते. भोपाळच्या आवाराखालची माती आणि भूजल हा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

दुसरा उपाय धुण्याचा. विष बहुधा मातीच्या बारीक कणांना चिकटते. पाण्याने माती धुऊन जाड वाळू आणि बारीक गाळ वेगळे केले, तर वाळू परत वापरता येते आणि थोडा गाळच सांभाळावा लागतो. पारा असेल तर माती बंद भट्टीत तापवून वाफ थंड करून पकडतात.

तिसरा, बांधून टाकणे. याचे क्रोमियमचे उदाहरण मला फार आवडते. क्रोमियम दोन रूपांत असतो. एक रूप पाण्यात सहज विरघळते, पाणी पिवळे करते आणि कर्करोगालाही कारण होऊ शकते. दुसरे रूप फारसे विरघळत नाही आणि कितीतरी कमी अपायकारक असते. पहिल्याचे दुसरे करायला लागते काय? हिराकस! शेतकरी पिवळ्या पडलेल्या पिकाला लोह म्हणून फवारतात तेच. अर्थात ते कुठे, किती, कोणत्या खोलीवर घालायचे हे तज्ज्ञाचे काम. पोते आणून विहिरीत ओतू नये. तमिळनाडूतच राणीपेट येथे बंद पडलेल्या क्रोमियम कारखान्यामागे दोन लाख टनांहून अधिक गाळ पडून राहिला आणि भोवतालचे भूजल नासले. हिराकस स्वस्त असला तरी एवढ्या ढिगापुढे सगळेच महाग होते.

मोहरी किंवा सूर्यफूल लावून जमिनीतले धातू ओढून घेण्याचे प्रयोगही झाले आहेत. ऐकायला गोड, पण वर्षानुवर्षे लागतात, आणि ते पीक गुरांना घालता येत नाही की घाण्यावर नेता येत नाही.

राहता राहिले झाकणे. खाली रंगीत जाळी किंवा कापड अंथरून वर स्वच्छ मातीचा थर द्यायचा. साध्या अंगणाला किमान फूटभर, भाजी लावायची असेल तर दोन फूट. जाळी अशासाठी, की उद्या कोणी खड्डा खणला तर रंग दिसून त्याचा हात थांबावा. नायगारातल्या त्या चिकणमातीखाली अशी काही खूण असती तर गटार खणणारा मजूर थबकला असता, असे वाटते. वाहनतळ, रस्ता, गोदाम यासाठी काँक्रीटखाली झाकलेली जागा वापरणे हा व्यवहारी मार्ग आहे. मात्र झाकल्याची नोंद कागदोपत्री आणि पुढच्या मालकाच्या कानावर, दोन्हीकडे गेली पाहिजे.

प्लॉट घेण्यापूर्वी

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले. जिल्हा प्रशासनाने आपल्या हद्दीतील संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा, प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरलेल्या मुदतीत तपासणी करायची, आणि जबाबदार ठरेल त्याच्याकडून सफाईचा खर्च घ्यायचा, अशी त्यात व्यवस्था आहे. तोपर्यंत यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदेशीर चौकट नव्हती. देशभरात १०३ दूषित जागा निश्चित झाल्या होत्या आणि काम सुरू होते ते अवघ्या सात ठिकाणी. तेव्हा नियम आले म्हणून निर्धास्त होऊ नये; पण आता अर्ज कोणाकडे करायचा एवढे तरी ठरले आहे.

सात-बारा आणि जुने फेरफार पाहावेत, औद्योगिक वापराची नोंद होती का ते त्यातून कळते. कारखान्यात काय तयार होत होते, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रावरून समजते. ते माहितीच्या अधिकारात मागता येते. याहून सोपे म्हणजे तिथल्या जुन्या कामगाराला किंवा रखवालदाराला चहा पाजावा. कचरा कोणत्या कोपऱ्यात टाकत होते, टाकी कुठे होती, हे कागदापेक्षा तो चांगले सांगतो.

मातीची तपासणी करून घ्यावी, पण कृषी खात्याची नेहमीची माती-परीक्षण पत्रिका इथे उपयोगाची नाही. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश कळते. शिसे कळत नाही. जड धातूंची तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडेच नमुने द्यावेत, आणि एका ठिकाणचे नव्हे तर पाच-सहा ठिकाणचे, वरच्या थराचे आणि खालचेही. एका कोपऱ्यातली माती चांगली निघाली म्हणजे सगळा प्लॉट चांगला, असे नसते. खर्च चार पैसे होईल, पण प्लॉटच्या किमतीपुढे तो काहीच नाही. सर्व प्लॉटधारकांनी मिळून केल्यास आणखी स्वस्त पडतो.

भरावाकडेही लक्ष ठेवावे. तुमची जमीन निर्मळ शेतजमीन असली, तरी पायात टाकायला ट्रकभर स्वस्त माती आणि राख कुठून येते? जुना कारखाना पाडला की त्याचा राडारोडा गावभर वाटला जातो. चालकाला विचारायला काही पैसे पडत नाहीत.

आधीच राहात असाल तर

घर विकून पळण्याची गरज नाही. अंगणातली उघडी माती आधी झाका : फरशी, लॉन, मुरूम, काहीही चालेल. चपला दाराबाहेर काढण्याची आपली रीत इथे औषधासारखी उपयोगी पडते, ती मोडू नका. कोरडा झाडू मारून धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. मुलांचे हात जेवणापूर्वी आणि झोपण्यापूर्वी धुवावेत. पालेभाजी लावायची तर विटांचा वाफा करून बाहेरच्या चांगल्या मातीत लावावी. बोअरचे पाणी पिवळसर येत असेल तर तपासणी होईपर्यंत पिऊ नये. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू मरत नाहीत. उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते. साध्या कँडलच्या फिल्टरने ते जात नाहीत, आर. ओ. यंत्राने बरेचसे जातात.

घरातील कर्ता माणूस बॅटरीच्या किंवा भंगाराच्या कामाला जात असेल, तर त्याने कपडे बाहेर बदलून, हातपाय धुऊनच मुलाला उचलावे. त्याचे कपडे वेगळे धुवावेत.

मुलाच्या रक्तातील शिशाची तपासणी मोठ्या प्रयोगशाळांमार्फत होते. आपल्या गावातील पॅथॉलॉजीवाले नमुना घेऊन पाठवू शकतात. रक्त शिरेतून काढलेले असावे. केस किंवा नखे तपासून काही कळेल असे कोणी सांगितल्यास पैसे घालवू नयेत. रिपोर्ट जास्त आला तर तो घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि बरोबर तीन गोष्टी न्याव्यात : मूल वापरत असलेले काजळ किंवा सुरमा, घरात कोणी घेत असलेली भस्मे, आणि सुटी घेतलेली हळद. शिसे यांतूनही येऊ शकते, आणि अंगण खणायला घेण्याआधी तेवढे पाहून घेतलेले बरे.